स्वर्णरेखेच्या काठी अडलेला घोडा आणि चिटणीस की गोठचा मोती

प्रश्न : आम्ही तीन पिढ्या ग्वाल्हेरचे. गेल्या वर्षी चिटणीस की गोठमधला जुना वाडा सोडून सिटी सेंटरला फ्लॅटमध्ये आलो. तेव्हापासून आमचा मोती, देशी कुत्रा, वय अकरा, धड खात नाही. रात्री उठतो आणि दाराशी जाऊन उभा राहतो. पुण्याच्या मुलीने एका ‘ॲनिमल कम्युनिकेटर’ बाईंना त्याचा फोटो पाठवला. त्यांनी दूर बसून, डोळे मिटून मोतीशी मनाने संवाद केला. ‘त्याला जुनं घर आठवतं, अंगण आठवतं आणि त्याला तुमची फार काळजी वाटते,’ असं त्यांनी सांगितलं. ऐकून घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या सासूबाई सांगायच्या की झाशीच्या राणीचा घोडा नाल्याकाठी अडला, तेव्हा तो तिला काहीतरी सांगू पाहत होता, पण लढाईच्या धामधुमीत कोणी ऐकलं नाही. जनावरं खरंच असं सांगतात का? आणि ते दुरून, फोटोवरून ऐकू येतं का?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : सगळ्यात आधी मोतीला पशुवैद्यांकडे घेऊन जा. या उत्तराचा बाकीचा भाग तिथून आल्यावर वाचलात तरी चालेल. अकरा वर्षांचा कुत्रा म्हातारा असतो. म्हातारा कुत्रा अन्नावरून तोंड फिरवतो तेव्हा त्याची दाढ दुखत असू शकते, मूत्रपिंडं थकलेली असू शकतात. रात्री उठून दाराशी उभं राहणं, कोपऱ्यात तोंड करून थबकणं, दिवसा झोपून रात्री येरझारा घालणं ही मेंदू थकल्याचीही लक्षणं असतात. म्हातारपणी कुत्र्यांनाही स्मृतिभ्रंश होतो. जुन्या वाड्यात त्याचे पाय सवयीने वळत होते, त्यामुळे हा स्मृतिभ्रंश कोणाच्या लक्षात आला नसेल. नव्या घरात त्याला सगळं नव्याने शिकायचं आहे आणि शिकणंच त्याला जड जातं आहे, असं असू शकेल. शिवाय फ्लॅटची गुळगुळीत फरशी. सांधे धरलेल्या कुत्र्याचे पाय तिच्यावर घसरतात आणि पाण्याच्या भांड्यापर्यंत जायचंही तो टाळू लागतो.

त्याला जुनं घर आठवत असेल, हे मी मुळीच नाकारत नाही. पण ‘आठवण येते’ हे उत्तर मिळालं की आपण पुढचं शोधायचं थांबतो, आणि मला भीती वाटते ती या थांबण्याची.

आता तुमचा मूळ प्रश्न. जनावरं सांगतात का? हो, सांगतात, आणि दिवसभर सांगत असतात. राणीच्या घोड्याची गोष्ट तुम्ही काढलीत ते बरं झालं, कारण ती तुमच्याच शहरातली आहे आणि या प्रश्नाच्या गाभ्याशी जाते.

१ जून १८५८ रोजी तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि राणी लक्ष्मीबाई यांनी ग्वाल्हेर घेतलं. तिथले राजे जयाजीराव शिंदे आग्र्याकडे गेले. पंधरवड्यात इंग्रज फौज मोरारपर्यंत येऊन ठेपली आणि कोटा की सराय इथे राणीची शेवटची लढाई झाली. इंग्रजी कागदपत्रांत ती तारीख १७ जून आहे; आपल्याकडे पुण्यतिथी १८ जूनला पाळतात. परंपरेने सांगितलं जातं ते असं : राणीचा नेहमीचा घोडा त्या दिवशी नव्हता, शिंद्यांच्या पागेतला नवा घोडा तिच्या मांडीखाली होता, आणि स्वर्णरेखेच्या नाल्यापाशी आल्यावर तो उडी घेईना. तिने टाच मारली, लगाम खेचला, तो जागच्या जागी गरगर फिरत राहिला, आणि तेवढ्यात मागचे स्वार येऊन पोहोचले. तिचा शेवट नेमका कसा झाला याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. पण अडलेला घोडा लोकांच्या आठवणीत पक्का बसला आहे. फूलबागेतल्या समाधीशी उभं राहिलेल्या कोणत्याही ग्वाल्हेरकराला विचारा, तो नाल्याचं नाव घेतोच.

याच राणीबद्दल तिच्या चरित्रांतून सांगितली जाणारी दुसरी एक आठवण आहे, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. एक सौदागर झाशीला दोन उमदे घोडे घेऊन आला. दिसायला दोन्ही सारखेच देखणे. राणीने दोघांवर बसून रिंगणात फेऱ्या मारल्या आणि एकाची किंमत केली हजार रुपये, दुसऱ्याची पन्नास. लोक चकित झाले. तिने सांगितलं, याच्या छातीत मार आहे. सौदागराने कबूल केलं. घोड्याने तिला हे सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतंच. पाऊल टाकताना खांदा किंचित आखडला असेल, वळणावर श्वास तुटला असेल, पाठ ताठ झाली असेल. तिच्या मांड्यांना आणि तळहातांना ते कळलं. लहानपणापासून घोड्यांत वाढलेल्या मुलीला ही भाषा येत होती. उत्तर हिंदुस्थानात घोड्यांची पारख असलेल्या मोजक्या लोकांत तिची गणना होत असे.

म्हणजे ज्या बाईला घोडा वाचता येत होता, तिच्याच बाबतीत नाल्याकाठी घात झाला. कारण गुणी स्वारालाही नव्या घोड्याशी ओळख करायला वेळ लागतो, आणि तो वेळ तिला मिळाला नाही. ४ एप्रिलच्या रात्री झाशीच्या किल्ल्यातून निघून ती काल्पीला पोहोचली, तेव्हा दीडशे किलोमीटरच्या आसपासची ती दौड ओळखीच्या घोड्यावर होती. तो घोडा पोहोचताक्षणी कोसळून मेला असं सांगतात. ग्वाल्हेरच्या घोड्याला मात्र ही टाच, हा हात, हा आवाज अनोळखी होता.

आणि तो अडला का, याचं उत्तर घोड्याच्या शरीरात शोधता येतं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला सभोवतालचं जवळजवळ ३५० अंशांचं दिसतं, पण दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसणारा पट्टा अरुंद असतो. खोली जोखायला त्याला तोच पट्टा वापरावा लागतो आणि त्यासाठी मान वरखाली करून खड्ड्याचा अंदाज घ्यावा लागतो. लगाम घट्ट ओढून धरला की मान हलत नाही. उन्हातून एकदम सावलीच्या घळीत पाहायचं झालं तर त्याच्या डोळ्यांना जुळवून घ्यायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. जून महिन्यातलं ग्वाल्हेरचं ऊन, बंदुकांचे बार, मागून येणारी टापांची धडधड, पाठीवर अनोळखी भार आणि पुढ्यात ज्याचा तळ दिसत नाही असा नाला. सासूबाई म्हणाल्या ते या अर्थाने खरं आहे. घोडा सांगतच होता : ‘मला खोली कळत नाही.’ नाल्याकाठी घोडा जे सांगू शकतो ते एवढंच असतं. उद्याचं भविष्य, राणीचं मरण, देशाचं नशीब यांतलं काही त्याच्याजवळ नव्हतं.

ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या घराण्यात याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी असाच एक प्रसंग होऊन गेला आहे, आणि तो मला या संदर्भात नेहमी आठवतो. १७६१ मध्ये पानिपतावरून महादजी शिंदे दख्खनी घोडीवर निघाले. एक अफगाण स्वार त्यांच्या मागे लागला. घोडी चपळ होती, पण महादजी तिला विसावा द्यायला थांबले की तो धिप्पाड घोड्यावरचा स्वार मागे दिसायचाच. शेवटी दमलेली घोडी एका खंदकात पडली, महादजींच्या पायावर वार झाला आणि राणेखान भिस्त्याने त्यांना बैलावर घालून नेलं म्हणून ते वाचले. तो अफगाण आणि त्याचा अवजड घोडा आपल्याला पुढे अनेक वर्षं स्वप्नात दिसे, असं महादजी सांगत. या घोडीने धन्याला काही इशारा दिला, अशी कथा कोणी रचली नाही. ती दमली होती हे सगळ्यांना कळलं. महादजी वाचले म्हणून घोडी दमलेली ठरली, राणी गेली म्हणून घोडा गूढ ठरला. आपल्या दुःखाला जेवढा अर्थ हवा असतो तेवढा आपण जनावराच्या तोंडी घालतो. यात वाईट हेतू नसतो. पण मोतीच्या बाबतीत तुमच्या घरात हेच घडलं असावं, असं मला वाटतं.

आता दुसरा भाग. दुरून, फोटोवरून, मनाने संवाद.

ही कल्पना अलीकडच्या रूपात अमेरिकेतून आली. तिथे पेनेलपी स्मिथ यांनी १९७० च्या दशकापासून तिचा प्रसार केला. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या ॲना ब्रेटेनबाख यांनी एका काळ्या बिबट्याशी साधलेल्या संवादाचा माहितीपट जगभर पाहिला गेला आणि आपल्याकडेही असे संवाद करून देणारे व शिकवणारे बरेच लोक पुढे आले. यांतले कित्येक जण जनावरांवर मनापासून माया करतात, आपल्याला खरंच ऐकू येतं असं त्यांना प्रामाणिकपणे वाटतं. पण त्यांना ऐकू येतं ते त्या जनावराकडूनच येतं, हे काटेकोर तपासणीत आजवर सिद्ध झालेलं नाही. आणि प्रामाणिक माणूस सुद्धा या बाबतीत स्वतःला कसा फसवू शकतो, हे एका घोड्यानेच आपल्याला शिकवलं आहे.

बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाचे निवृत्त गणितशिक्षक होते. त्यांच्या ‘हान्स’ या घोड्याला बेरजा, वजाबाक्या, अपूर्णांक, तारखा येतात अशी ख्याती झाली. प्रश्न विचारला की हान्स खूर आपटून उत्तर द्यायचा. ऑस्टेन यांनी कधी तिकीट लावलं नाही, कोणाकडून पैसे घेतले नाहीत. त्यांचा आपल्या घोड्यावर संपूर्ण विश्वास होता. १९०४ साली तज्ज्ञांची समिती बसली आणि तिलाही लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंगस्ट या तरुण अभ्यासकाने साधा बदल केला : प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल अशी व्यवस्था केली. हान्स चुकू लागला. डोळ्यांना झापडं लावून विचारणारा दिसेनासा केला, तरीही चुकू लागला. म्हणजे हान्सला गणित येत नव्हतं, माणूस येत होता. विचारणारा खुराकडे पाहायला नकळत किंचित पुढे वाकायचा, बरोबर आकडा आला की त्याचं डोकं केसभर वर उचललं जायचं, आणि हान्स तिथेच थांबायचा. फुंगस्टने १९०७ मध्ये हे सगळं पुस्तकात मांडलं. त्यातली सर्वांत विलक्षण गोष्ट अशी की, हे कळल्यावरही त्याला स्वतःला ती हालचाल थोपवता येईना. तो उत्तर मनात धरून उभा राहिला की डोकं हलायचंच.

पुष्कळ लोक ही गोष्ट ‘घोडा अडाणी निघाला’ अशी सांगतात. मला ती उलटी वाटते. विद्वानांच्या समितीला जे दिसलं नाही ते त्या घोड्याला दिसत होतं. आपल्या मनातलं जनावराला कळतं असं जे आपल्याला वाटतं, ते खरंच आहे. फक्त ते मनातून मनात जात नाही, आपल्या खांद्यांतून, श्वासातून, हाताच्या ताणातून त्याच्याकडे जातं. स्वीडनमध्ये २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना घोडा धरून ठरलेल्या वाटेने चालायला किंवा त्यावर बसून जायला सांगितलं, आणि शेवटच्या फेरीआधी बजावलं की आता घोडा जवळून जाताना आम्ही छत्री उघडणार आहोत. छत्री उघडलीच नाही. पण माणसाच्या छातीचे ठोके वाढले, आणि घोड्याचेही वाढले. घोड्याला छत्रीची कल्पना नव्हती. त्याला माणसाची भीती पोहोचली होती.

याच्या उलट दिशेचा, म्हणजे घोड्याने माणसाला सांगण्याचा, मला फार आवडणारा प्रयोग नॉर्वेतला आहे. २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. तेवीस घोड्यांना तीन पाट्या शिकवल्या : आडवी रेघ म्हणजे अंगावर झूल घाला, उभी रेघ म्हणजे काढा, कोरी पाटी म्हणजे आहे तसंच राहू द्या. दोन आठवड्यांच्या आत सगळे घोडे शिकले. मग थंडी-पावसाच्या दिवशी झूल नसलेले घोडे आडव्या रेघेला नाक लावू लागले, उबदार दिवशी झूल असलेले उभ्या रेघेला. कोणी डोळे मिटून ध्यान लावलं नाही. जनावराला जे सांगायचं असेल ते सांगायची सोय करून दिली आणि त्याने सांगितलं. मला संवाद म्हणायचा झाला तर मी याला म्हणेन.

तुमच्याच गावाशेजारी अशा संवादाची मोठी शाळा आहे. झाशीच्या रस्त्याला टेकनपूर इथे सीमा सुरक्षा दलाची अकादमी आहे आणि तिथे १९७० पासून कुत्र्यांचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र चालतं. शोधकार्याचा कुत्रा आणि त्याचा हँडलर यांची जोडी जमवतात. ती दोघं एकत्र शिकतात, एकत्र राहतात, आणि कुत्र्याच्या शेपटीच्या, मानेच्या, श्वासाच्या बारीक बदलावरून ‘याला वास लागला’ हे हँडलरने ओळखायचं असतं. अलीकडे तिथे देशी जातीही तयार होतात. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानाने जतन केलेल्या मुधोळ जातीच्या ‘रिया’ने २०२४ च्या लखनौच्या अखिल भारतीय पोलीस कर्तव्य मेळाव्यात माग काढण्यात पहिला क्रमांक मिळवला, विदेशी जातींना मागे टाकून. मराठी माणसाला याचा अभिमान वाटायला हरकत नाही. आणि या क्षेत्रातले लोक हान्सची गोष्ट विसरत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या अभ्यासकांनी २०११ मध्ये दाखवलं की, एखाद्या जागी वासाचा पदार्थ ठेवला आहे असं हँडलरला खोटंच सांगितलं, तर पदार्थ नसूनही तिथे इशाऱ्यांची नोंद होते. माणसाची समजूत वासापेक्षा वरचढ ठरते. जिथे रोज एकत्र राहणाऱ्या जोडीलाही ही चूक होते, तिथे हजार किलोमीटरवरून, फोटोवरून ऐकलेल्या बोलण्यावर किती भिस्त ठेवायची, तुम्हीच ठरवा.

तरीही मन मानत नसेल तर स्वतः पडताळून पाहा. तुम्ही घराबाहेर थांबा. शेजारच्या कोणाला तरी सांगा की चार खोल्यांपैकी एकीत मोतीसमोर त्याचा आवडता खाऊ डब्यात ठेव, डबा बंद कर, आणि कोणालाही सांगू नकोस. मग त्या बाईंना विचारा, मोतीने डबा कुठे पाहिला. हे मोतीला ठाऊक आहे, तुम्हाला नाही. असं दहा-बारा वेळा, वेगवेगळ्या दिवशी करा. ‘त्याला तुमची काळजी वाटते’ हे वाक्य मात्र कसोटीला लावता येत नाही. ते कोणत्याही घरातल्या कोणत्याही कुत्र्याबद्दल खरं वाटतं, कारण ते आपल्याला ऐकायचं असतं. वाडा सोडल्याचं दुःख तुमचंही आहे. तीन पिढ्यांचं घर सुटलं, त्याबद्दल घरात कोणी मोकळेपणी रडलं नव्हतं, आणि मोतीच्या निमित्ताने ते झालं, असंही असेल. ते रडणं खोटं नव्हतं. त्या बाईंना दोष द्यायचं काही कारण नाही.

कडक बोलावं लागतं ते एकाच ठिकाणी, आजार असताना. घोड्याला पोटशूळ झाला की तो पुढच्या पायाने जमीन उकरतो, मान वळवून कुशीकडे बघतो, वरचा ओठ मुडपतो, बसतो-उठतो, लोळतो. घोड्याला उलटी होत नाही. आत अडकलेलं आतच राहतं आणि काही तासांत तो मरू शकतो. अशा वेळी ‘तो उदास आहे, त्याला मित्राची आठवण येते’ असं दुरून कळवलं गेलं आणि मालक तेवढ्यावर थांबला, तर घोडा गेला. मध्य प्रदेशात १९६२ या क्रमांकावर फोन केला की पशुवैद्यकीय फिरतं वाहन मिळतं. हा क्रमांक जनावर पाळणाऱ्या प्रत्येकाच्या भिंतीवर हवा.

आणि घोड्यांचं ऐकायचंच असेल, तर ग्वाल्हेरकरांना ते रोज ऐकायची संधी आहे. लग्नसराईत वरातीची घोडी बघा. घोड्याला आपल्यापेक्षा बरेच उंच, बारीक आवाज ऐकू येतात. घोडीच्या कानाशी डीजे, पायाशी फटाके, डोळ्यांवर झगझगीत दिवे. तिचे कान मागे चपटे होतात, नाकपुड्या ताणल्या जातात, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागतो, हनुवटी आवळते, थंडीच्या रात्रीही मानेवर घाम सुटतो. अभ्यासकांनी वेदनेने आकसलेल्या घोड्याच्या चेहऱ्याचं मोजमाप २०१४ साली तयार केलं. त्यात आखडलेले कान, आवळलेला जबडा, डोळ्यावरचा ताण हेच सगळं आहे. आपल्या जुन्या पागांतल्या मोतद्दारांना हे मोजपट्टीशिवाय कळत होतं. त्या परंपरेची जाण वरपर्यंत होती. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीला पाठवलेलं पत्र प्रसिद्धच आहे. दाणावैरण आताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल, असं त्यात निक्षून बजावलं आहे. घोड्याच्या वतीने बोलायचं तर असं बोलावं. माझी ग्वाल्हेरच्या यजमानांना हात जोडून विनंती आहे : घोडी तासाभरापेक्षा जास्त उभी ठेवू नका, फटाके तिच्यापासून लांब वाजवा, तिला पाणी दाखवा, आणि तिचा माणूस ‘आता पुरे’ म्हणाला तर त्याचं ऐका. तो तिचं ऐकून बोलतो आहे.

मोतीसाठी आणखी थोडं. त्याचं जुनं अंथरूण धुऊ नका, त्यावर वाड्याचा वास आहे. जेवणाची आणि फिरण्याची वेळ वाड्यात होती तीच ठेवा. त्याच्या वाटेवर सुतळीची पायपुसणी किंवा जुनी सतरंजी अंथरा, म्हणजे पाय घसरणार नाहीत. रात्री एक मंद दिवा लावून ठेवा. तो दाराशी गेला की रागावू नका, त्याला खाली घेऊन जा; म्हाताऱ्या कुत्र्याला रात्री लघवीला लागतं आणि वाड्यात तो आपला आपण अंगणात जात असेल. आठवडाभर वहीत लिहा : कधी उठला, किती वेळ उभा राहिला, खाली नेल्यावर काय केलं, काय खाल्लं, कोणत्या बाजूने चावलं. ती वही पशुवैद्यांना दाखवा. फोटोपेक्षा त्या वहीतून मोती जास्त बोलेल.

प्रश्न : सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेताना लोक अंगावरचे भोवरे बघतात. ‘देवमण’ असेल तर घोडा घराला लाभतो, वाईट जागी भोवरा असेल तर धनी दगावतो म्हणतात. यात घोडा काही सांगत असतो का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : भोवरा म्हणजे केसांची वळण घेतलेली वाढ. ती जन्माआधीच ठरते आणि धन्याच्या आयुष्याशी तिचा संबंध नाही. ज्या घोड्याला अशुभ म्हणून बाजूला काढतात त्याचे हाल होतात, म्हणून ही समजूत मला क्रूर वाटते. भोवरे बघण्यात जातो तेवढा वेळ घोड्याच्या खुरांवर, दातांवर आणि चालीवर घालवा. कडक जमिनीवर त्याला दुडकी चालवायला सांगा आणि डोकं बघा : पुढचा एक पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो. राणीने हजार आणि पन्नास असा फरक केला तो अशाच खुणांवरून. घोडा भीमथडी असेल तर जरा जास्तच आपुलकीने बघा. भीमेच्या खोऱ्यातल्या या काटक घोड्याला २०२४ मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे.

प्रश्न : आमची मांजर माझ्याकडे बघून हळूच डोळे मिटते आणि उघडते. मुलगा म्हणतो, ती ‘आय लव्ह यू’ म्हणते. खरं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बरंचसं खरं. इंग्लंडमधल्या अभ्यासकांनी २०२० साली हे तपासलं. माणसाने मांजरीकडे पाहून डोळे अर्धवट मिटत सावकाश उघडझाप केली, तर मांजर उलट तशीच उघडझाप जास्त करते. आणि अनोळखी माणसाने असं करून हात पुढे केला, तर ती त्याच्याकडे जायलाही जास्त तयार असते. रोखून बघणं मांजरीला धमकीसारखं वाटतं, डोळे मिटणं म्हणजे ‘मला तुझी भीती नाही’. मुलाला सांगा, त्याने आधी डोळे मिटावेत, मग थोडं थांबावं, आणि तिने उत्तर दिलं नाही तर तिला झोपू द्यावं.